फेरीबोट आणि पायी उतारू

गोंदिया जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. राज्याच्या पूर्व टोकाला वसलेल्या या जिल्ह्यातील रहिवाशांना कोकणातील खाड्या व त्यांवरील फेरीबोटी हा दूरच्या मुलखातील विषय वाटणे स्वाभाविक आहे. तथापि पाणी ओलांडण्याचा प्रश्न या जिल्ह्याला अपरिचित नाही. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा बालाघाट जिल्ह्यातून खाली येते आणि काही अंतरापर्यंत गोंदिया व बालाघाट या दोन जिल्ह्यांची, पर्यायाने दोन राज्यांची, सीमा आखते. बाघ नदी तिला येऊन मिळते. चुलबंद व गाढवी या नद्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातील जीवन घडवितात. नकाशावरील ही सीमा माणसांनी फारशी मानलेली नाही. पोवार, मरार, लोधी आदी समाजांची सोयरीक दोन्ही तीरांवर आहे. आठवडी बाजार, धानाची रोवणी आणि कापणी यांसाठी मजुरांचे जाणे-येणे होते. पूल नाही किंवा दूर आहे अशा ठिकाणी ही सारी ये-जा पिढ्यान् पिढ्या ढिवर व कहार बांधवांच्या डोंग्यांवर अवलंबून राहिली.

डोंग्यातून पूर्वी माणसे, धान्याची पोती आणि क्वचित शेळ्यामेंढ्या जात. आता त्यात मोटारसायकली चढू लागल्या आहेत. अशा प्रकारे माणूस आणि वाहन एकाच नावेत आले, की कोकणातील फेरीबोटीपुढे जो प्रश्न आहे तोच नदीकाठच्या घाटावरही उभा राहतो. नावेवरील जागा कोणासाठी, चढण्याचा मार्ग कोणाचा, आणि ज्याच्यापाशी स्वतःचे पाय एवढेच वाहन आहे त्याची व्यवस्था कोणी पाहावयाची, असा हा प्रश्न आहे.

तर, सांगड आणि जंगलजेटी

कोकणात खाडी ओलांडून देणाऱ्या नावेला ‘तर’ म्हणत. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्या टाकल्या की ‘सांगड’ तयार होई, आणि तिच्यावरून जनावरे व अवजड माल नेता येई. एका गोष्टीची दुसरीशी सांगड घालणे हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील वाक्प्रचार या जुन्या जलवाहनाचे स्मरण देतो. सपाट तळाची, दोन्ही टोकांना उघडझाप होणारी फळी असलेली आजची वाहनवाहू फेरीबोट ही एका अर्थाने यंत्र बसविलेली सांगडच होय. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत तिला ‘जंगलजेटी’ या नावाने ओळखतात.

महाराष्ट्रात या सेवेला खरी चालना मिळाली ती २००३ मध्ये. त्या वर्षी सुवर्णदुर्ग शिपिंग अँड मरीन सर्व्हिसेस या संस्थेने वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे अशी फेरीबोट सुरू केली. दापोली आणि गुहागर हे तालुके समोरासमोर असूनही वाहनधारकास चिपळूणवरून मोठा वळसा घ्यावा लागे; तो काही मिनिटांच्या जलप्रवासावर आला. पुढे बाणकोटच्या खाडीवर वेसवी–बागमांडला, जयगडच्या खाडीवर तवसाळ–जयगड आणि राजपुरीच्या खाडीवर दिघी–आगरदांडा हे मार्ग सुरू झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदर यांच्यामध्येही अशी सेवा आली. या प्रत्येक मार्गाची उपयुक्तता सांगताना वाचलेले किलोमीटर आणि वाचलेले इंधन यांचा हिशेब प्रथम दिला जातो. तो रास्तच आहे. परंतु हा हिशेब वाहनाचा आहे. पायी माणूस त्याच खाडीवरून या बोटींच्या आधीही तरीने जात होता, आणि त्याच्या दृष्टीने बदल झाला तो निराळ्या स्वरूपाचा.

तरीवर माणूस हाच मुख्य उतारू असे. नावाडी त्याच्यासाठी थांबे, त्याला हात देऊन चढवी. वाहनवाहू बोटीची रचना मात्र चाकांसाठी केलेली असते. तिचा खुला तळमजला, तिची रुंद फळी, धक्क्याचा उतार, वेळापत्रक व दर या सर्वांच्या मुळाशी मोटारगाडीचे मोजमाप असते. एका मोटारीच्या भाड्यापुढे एका माणसाचे भाडे अल्प, म्हणून चालकाचे लक्ष साहजिकच वाहनांकडे जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. मात्र नियोजन करणाऱ्याने ही स्वाभाविक ओढ ओळखून तिला आवर घालणे अगत्याचे ठरते. दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. जुनी तर वाऱ्यावर व नावाड्याच्या मर्जीवर चाले, पावसाळ्यात अनेक दिवस बंद राही. वाहनांच्या उत्पन्नामुळे यांत्रिक बोट दिवसभर ठरावीक वेळी सुटते, आणि त्या नियमितपणाचा लाभ पायी उतारूलाही होतो. विद्यार्थी व मासळी विकणाऱ्या महिला यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

एकच दार

अडचण सुरू होते ती चढण्याच्या जागी. मोठ्या प्रवासी जहाजाला माणसांसाठी वेगळा जिना असतो. खाडीवरील फेरीबोटीला सामान्यतः एकच दार असते, ते म्हणजे पुढील फळी. याच फळीवरून मालमोटार, दुचाकी आणि डोक्यावर टोपली घेतलेली बाई जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडते. त्यामुळे धक्क्याचा उतार लांब पाण्यात गेलेला असतो, आणि ओहोटीच्या वेळी उघडा पडलेला खालचा भाग शेवाळाने निसरडा झालेला असतो. मोटारीचे चाक तेथून सावकाश वर येते. वृद्ध माणसाचा पाय मात्र घसरतो. चाकाच्या खुर्चीसाठी एक मीटर उंचीमागे बारा मीटर लांबी असा सौम्य चढ लागतो. ओहोटीच्या वेळी उताराचा चढ व फळीचा कोन या दोहोंची बेरीज याहून कितीतरी अधिक होऊ शकते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने सर्व प्रवासी साधने सुगम करण्याची जबाबदारी शासनयंत्रणेवर टाकली आहे. जलवाहतूक हीही प्रवासी साधनेच आहेत, याचा विसर पडता कामा नये.

यावर फार खर्चाचा उपाय लागतोच असे नाही. उताराच्या एका कडेला कठडा लावून माणसांसाठी तीन-चार फुटांची पट्टी राखणे, तिचा पृष्ठभाग खडबडीत ठेवणे, शेवाळ नियमितपणे खरवडून काढणे, आणि फळी पडल्यावर आधी माणसे उतरवून मगच वाहनांची यंत्रे सुरू करू देणे, एवढ्याने बरेच साधते. यांतील शेवटच्या गोष्टीला पैसा मुळीच लागत नाही. लागते ती शिस्त. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या फेरीसेवेने सिएटलसारख्या मोठ्या धक्क्यावर वाहनांच्या डोक्यावरून जाणारे स्वतंत्र पादचारी पूल बांधले आहेत. इंग्लंडमधील डोव्हर बंदरात पायी उतारूंना बसमध्ये बसवून बोटीपर्यंत नेले जाते. त्याच बंदरातून फ्रान्समधील डंकर्कला जाणाऱ्या वाहनवाहू बोटीवर मात्र पायी उतारूला प्रवेशच नाही. ज्याच्यापाशी वाहन नाही त्याने दुसरा मार्ग शोधावयाचा. याच्या नेमका उलट दाखला न्यूयॉर्कचा. तेथील स्टेटन आयलंड फेरीने १९९७ पासून उतारूंकडून भाडे घेणे थांबविले आणि २००१ नंतर वाहने नेणेही बंद केले. आज ती केवळ पायी माणसांची व सायकलस्वारांची फेरी आहे.

एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. शेजारच्या गोव्यात नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटींवर पायी उतारूला तिकीट पडत नाही. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्या यांच्यामधील बेटांवर राहणाऱ्यांना फेरी हाच रस्ता आहे, आणि रस्त्याने चालणाऱ्याकडून जसे भाडे घेतले जात नाही तसे येथेही घेऊ नये, अशी त्यामागील धारणा दिसते. २०२५ मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर नव्या पद्धतीच्या मोठ्या वाहनवाहू बोटी आल्या.

मांडव्याची गोष्ट

२०२० मध्ये मुंबईचा भाऊचा धक्का आणि रायगड जिल्ह्यातील मांडवा यांच्या दरम्यान मोठी वाहनवाहू बोट धावू लागली. रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक असलेले अंतर समुद्रमार्गे सुमारे एका तासावर आले. याच मांडव्याला गेटवे ऑफ इंडियापासून केवळ प्रवाशांना नेणाऱ्या लाँचेस पूर्वीपासून येतात. त्या पावसाळ्यात बंद असतात, तर मोठी बोट हवामान अनुकूल असेल तेव्हा पावसाळ्यातही चालते. त्यामुळे पायी उतारूलाही तिचा उपयोग होतो. परंतु मांडव्यास उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न बोटीवर सुटत नाही. लाँचेसच्या प्रवाशांसाठी तिकिटातच अलिबागपर्यंतच्या बसची सोय करण्याची पद्धत तेथे रूढ आहे, आणि ती अनुकरणीय आहे. धक्के बहुधा वस्तीपासून दूर, जेथे खोल पाणी मिळते तेथे असतात. मोटार घेऊन आलेला मनुष्य फळीवरून थेट रस्त्याला लागतो. पायी आलेला मात्र धक्क्यावर उभा राहतो; एस.टी. पाच मिनिटांपूर्वी सुटलेली असेल तर त्याचा वाचलेला तास तेथेच खर्ची पडतो. फेरीबोट व बस यांची वेळापत्रके स्वतंत्रपणे आखली गेली की असे घडते.

या किनाऱ्यावर पायी उतारूंची जलवाहतूक काही नवीन नाही. आगबोटींच्या काळात मुंबईहून कोकणात जाणारा चाकरमानी बंदराबाहेर उभ्या असलेल्या बोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर उतरत असे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट मुंबईबाहेर वादळी समुद्रात उलटून सहाशेहून अधिक लोक बुडाले. बोटीवर किती माणसे आहेत, ती कोठे उभी आहेत आणि ती एका बाजूला झुकली तर काय होईल, हे प्रश्न त्या दुर्घटनेने विचारले आणि ते आजही तितकेच लागू आहेत. वाहनवाहू बोटीच्या बाबतीत त्यांत एका प्रश्नाची भर पडते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगा बंदरातून निघालेल्या ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ या बोटीचे पुढील दार उघडे राहिले, वाहनांच्या सलग तळमजल्यावर पाणी शिरले आणि काही मिनिटांत बोट कलंडून १९३ जणांचा मृत्यू झाला. सलग, आडभिंती नसलेल्या तळावर थोडे पाणी आले तरी ते सगळे एका बाजूस धावते आणि कल वाढवीत नेते. वाहनांसाठी सोयीचा असलेला मोकळा तळ माणसांसाठी धोक्याचा ठरू शकतो तो असा. म्हणूनच समुद्रावरील मोठ्या बोटींवर प्रवास चालू असताना वाहनतळावर कोणालाही थांबू देत नाहीत. खाडीच्या शांत पाण्यात हा धोका कमी. तरीही पायी उतारूंनी वाहनांच्या फटीत उभे न राहता वरच्या बाकांवर बसावे आणि तेथेच त्यांच्या हाताशी जीवरक्षक जाकिटे असावीत, हे उघड आहे.

वैनगंगेच्या पाण्यावर

आता पुन्हा नदीकडे वळावयास हवे. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात गणपूर येथे वैनगंगेत एक लहान नाव उलटली. पैलतीरी चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडणीच्या कामाला निघालेल्या सहा महिला मजुरांचा तीत मृत्यू झाला. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव बुडून अकरा जण दगावले होते, आणि २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव व कळाशी या गावांमध्ये जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. गणपूरची घटना ज्या नदीवर घडली तीच नदी वर गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. रोजंदारीसाठी पैलतीरी जाणाऱ्या बाईला पुलावरून फिरून जाण्याचा वेळ व भाडे परवडत नाही, म्हणून ती नावेत बसते. नावेशिवाय तिच्यापुढे पर्याय नसतो, आणि नावेची पाहणी कोणी केलेली नसते.

नाव बुडते ती दैवगतीने, अशी समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः त्यामागे साधे गणित आहे आणि ते सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला समजण्याजोगे आहे. समजा, एक डोंगा सहा मीटर लांब व दीड मीटर रुंद आहे. टोके निमुळती धरली तर पाण्याच्या पातळीवरील त्याचे क्षेत्रफळ सुमारे सहा चौरस मीटर भरेल. शंभर किलो भार म्हणजे एक दशांश घनमीटर पाणी बाजूला सारणे. त्याला सहाने भागले की डोंगा सुमारे पावणेदोन सेंटिमीटर खाली जातो. प्रत्येकी ५५ किलो वजनाची १२ माणसे बसली तर तो ११ सेंटिमीटर खचेल. प्रत्येकी १२० किलोच्या दोन मोटारसायकली चढविल्या तर आणखी चार. रिकाम्या डोंग्याचा काठ पाण्यापासून ३५ सेंटिमीटर उंच असेल तर आता २० सेंटिमीटर उरले, म्हणजे हाताची एक वीत. येथपर्यंत सर्व ठीक दिसते. परंतु डोंगा केवळ आठ अंशांनी कलला तरी एका बाजूचा काठ सुमारे दहा सेंटिमीटर खाली येतो, आणि मग वीतभर उंचीतील अर्धीच उरते. वाऱ्याने उठलेली एखादी लाट ती सहज ओलांडते. मोटारसायकलीचा भार दोन माणसांएवढा असला तरी तो उंचावर असतो, तिला बसता येत नाही आणि ती एकदा कलली की सावरत नाही. उभी राहिलेली माणसेही हेच करतात. म्हणून वाहन व माणसे एका खेपेत न नेणे हा लहान नावेसाठी पहिला नियम असावयास हवा, आणि बसून राहणे हा दुसरा.

शाळेत हा पाठ घेण्यास घमेलेभर पाणी व एक हलके पातेले पुरते. पातेल्याच्या तळाशी खडे ठेवून ते किती खाली जाते हे खुणेने मोजावे. नंतर त्याच वजनाची पाण्याची बाटली पातेल्यात उभी करून पातेले हलवावे. खडे असताना जे पातेले स्थिर राहिले ते आता का कलंडते, हे मुले स्वतःच सांगतील. नदीकाठच्या शाळांत या प्रयोगाचे महत्त्व पुस्तकी नाही.

घाटावरील सत्ता कोणाची

नावेच्या घाटांविषयीचे कायदे जुने आहेत. भंडारा जिल्हा, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पूर्वी मध्य प्रांतात होता, आणि तेथे उत्तर हिंदुस्थानातील नावांसंबंधीचा १८७८ चा कायदा लागू होता. त्यात सार्वजनिक घाटाची उतराई वसूल करण्याचा हक्क लिलावाने देण्याची तरतूद होती. त्याचबरोबर दरांचा तक्ता लोकभाषेत लिहून घाटाजवळ ठळकपणे लावण्याचे बंधनही ठेकेदारावर होते. नावेत किती माणसे, किती जनावरे न्यावीत यासंबंधी नियम करण्याचा अधिकारही त्यात होता. लिलाव लोकांच्या स्मरणात राहिला, तक्ता राहिला नाही.

१९१७ च्या अंतर्देशीय जलयानविषयक कायद्याची जागा २०२१ च्या नव्या कायद्याने घेतली. यंत्राने चालणाऱ्या नावांची नोंदणी, तपासणी, चालकांची पात्रता व प्रवाशांची सुरक्षितता यांची व्यवस्था त्यात आहेच. पण पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे अशी तरतूद वल्ह्याने चालणाऱ्या नावांविषयीची आहे. अशा नावांची नोंद जिल्हा, तालुका, पंचायत वा गाव पातळीवर करता येईल, अशी या कायद्याची योजना आहे. गावातील प्रत्येक डोंग्याला क्रमांक, काठाखाली रंगाने ओढलेली भाररेषा, आणि ती रेषा पाण्याखाली जाताच खेप थांबविण्याचा दंडक, एवढे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहे. नावाड्याला यात गुन्हेगार समजण्याचे कारण नाही. जादा माणसे त्यालाही नको असतात. पण मजुरांची टोळी घाईत असते, प्रत्येकाला पहिल्याच खेपेत जावयाचे असते, आणि त्याच्या शब्दाला आधार नसतो. रंगाची रेषा हा त्याला मिळालेला आधार ठरेल.

जिल्हा परिषदेने स्वतः जलवाहतूक चालविण्याचे उदाहरणही राज्यात आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयामुळे तुटलेल्या बामणोली–तापोळा परिसरातील गावांसाठी सातारा जिल्हा परिषद लाँचेस चालविते, आणि वाहने नेण्यासाठी तेथे तराफा आहे. माणसांसाठी लाँच व वाहनांसाठी तराफा, अशी ही विभागणी लक्षात घेण्याजोगी आहे. गोंदिया जिल्ह्यातील जलाशयांच्या व वैनगंगेच्या काठी एवढी वर्दळ नसेल, तरी व्यवस्थेचे तत्त्व तेच राहील.

पुलाचा विषय काढल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. पूल झाला की नावेची गरज संपली, असे सामान्यतः मानले जाते. वाहनधारकाच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु पूल होतो तो मोठ्या रस्त्याच्या रेषेत. जुना घाट असतो गावांच्या रेषेत. समोरच्या तीरावरील शेत डोळ्यांना दिसत असताना पायी माणसाला पुलापर्यंत चार-पाच किलोमीटर जाऊन तेवढेच परत यावे लागले, तर त्याचा दिवस त्यात जातो. अशा वेळी घाट अधिकृतपणे बंद होतो आणि नाव चोरून चालू राहते. तिच्यावर मग ना दराचा तक्ता असतो, ना भाररेषा, ना जाकिटे. पुलाचा प्रस्ताव तयार करताना मोटारींची मोजणी केली जाते. तिच्याबरोबर जवळच्या घाटांवरून जाणाऱ्या माणसांचीही मोजणी झाली पाहिजे, आणि ती एखाद्या सोयीच्या दिवशी नव्हे, तर रोवणीच्या दिवसांत, बाजाराच्या दिवशी आणि सकाळी सहा ते आठच्या दरम्यान. संख्या पुरेशी आढळल्यास पूल झाल्यावरही घाट नोंदणीकृत नावेसह चालू ठेवावा, उतारावर पायऱ्या व दोर बांधावा, पाऊस थोपविणारी एक पत्र्याची पडवी उभारावी. पूर वाढला की खेपा बंद ठेवण्याची पाणीपातळी घाटावरील खांबावर लाल रंगाने दाखवावी. शाळेत जाणारी मुले नावेने येत असतील तर शेवटची खेप शाळा सुटल्यानंतर आणि अंधार पडण्यापूर्वी निघेल असे पाहणे मुख्याध्यापक व सरपंच या दोघांनी मिळून करावयाचे काम आहे. हिवाळ्यात दिवस लहान होताच ही वेळ पुन्हा ठरवावी लागेल.